कालचं कालवण

कारीक्कडव,
९ जानेवारी २०२३

प्रिय इच्चाया,

येशूची स्तुती असो. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कंपनीचा जाड कागद, खाली तुझ्या मॅनेजरची सही आणि वरच्या कोपऱ्यात आपल्या आईचं, अम्मच्चीचं चित्र. "आदरणीय महोदया" अशी सुरुवात वाचून तुझा मेहुणा जोयिकुट्टी म्हणाला, "सारे, तुला कोर्टाने बोलावलंय की काय?" मी म्हटलं, कोर्ट परवडलं, सख्ख्या भावाने बोलावलंय.

इकडे सगळं ठीक आहे. बोटीची नोकरी सुटल्यापासून जोयिकुट्टीचे गुडघे बरे आहेत. दिवसभर जेट्टीवर बसून, दुसरे लोक बोटी कशा चुकीच्या लावतात ते मोठ्याने सांगत असतो. आमची पोरगी मर्सी बारावीला आहे, पुढे नर्सिंगला जाईन म्हणते. मागच्या फणसाने यंदा लवकर धरलंय. माझे दोन बाक अकरा ते दोन चालतात: भात, ताज्या माशाचं कालवण, एखादी भाजी. कालचं काही आम्ही विकत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुझ्या पत्राचा मला लागलेला अर्थ असा. एरणाकुळमला 'अम्मच्चीची चूल'ची तिसरी शाखा उघडायची आहे. बाकीचे सगळे परवाने झाले, पण एका पदार्थावर गाडी अडलीय. दुसऱ्या शाखेत 'कालचं कालवण' खाऊन एका गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं, त्याने तक्रार केली, आणि श्रीकला नावाच्या कुणी तरुण अन्न अधिकारी बाई आहेत त्यांनी तिन्ही ठिकाणी तो पदार्थ थांबवला. त्या म्हणतात, कालवण रात्रभर कसं ठेवता ते करून दाखवा, नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या, आणि तुमच्या घरात हे दुसऱ्या दिवशी खरोखर खात होते असं सांगणारं माणूस समोर आणा, त्याचा जबाब सहीनिशी द्या. करून दाखवणारं आणि सांगणारं माणूस आता एकच उरलंय, कारण तू आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवलास तो फक्त जेवायला.

बाई हुशार दिसतात. मला आवडल्या.

तुला सांगितलं नव्हतं, पण गेल्या ऑगस्टमध्ये डोळे तपासायला आले होते तेव्हा तुझ्या त्या दुसऱ्या शाखेत जेवून गेले. वेटरने छोटं मडकं पुढे ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे आमचं कालचं कालवण."

"काल किती वाजता उतरवलं?"

"मॅडम?"

"चुलीवरून. काल किती वाजता?"

तो बिचारा आत विचारून आला. "मॅडम, सकाळीच करतात. फ्रीजमध्ये ठेवतात, मग मडक्यात ओततात. कालचं हे नुसतं नाव आहे."

एक घास खाल्ला. आंबटपणाला बाटलीतलं व्हिनेगर, आणि वर टोमॅटो. अम्मच्चीच्या कालवणात टोमॅटो, इच्चाया! धुरावर वाळवलेल्या आंबट कोडमपुळीचा एक काळा तुकडासुद्धा तुझ्या आचाऱ्याला परवडला नाही का? त्या गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं यात मला नवल वाटत नाही. माझं डोकंच बिघडलं.

समोरच्या भिंतीवर अम्मच्ची होती, माणसाएवढी. उजवा हात पुढे केलेला, तोंड अर्धवट उघडं, "बसा, वाढते" असं म्हणत असल्यासारखी. शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "चेहऱ्यावर माया बघा किती!" फोटो छान आहे. कुठून मिळवलास? माझ्याकडे तिचा रेशनकार्डावरचा आहे आणि माझ्या लग्नातला, दोन्हींत ती खांबासारखी ताठ उभी. हात पुढे केलेला कुठला, ते काही मला आठवत नाही.

सहीचं पाहते. अशा सह्या टपालाने होत नसतात.

तुझी,
सारम्मा

*

कारीक्कडव,
२४ जानेवारी २०२३

प्रिय इच्चाया,

तुझी बायको, आमची लिस्सीचेची, येऊन गेली. गाडी जेट्टीपर्यंत येत नाही, त्यामुळे शेवटची वाट तिने उंच टाचांवर, हातात केकचा डबा आणि साडीची पिशवी घेऊन पार पाडली. घामाने निथळत होती. मी आधी तिला बसवलं, पाणी दिलं. तिच्यावर माझा राग नाही, हे तिलाही सांगितलं.

"सारे, एक सही तर करायची आहे," ती म्हणाली. "अम्मच्चीचं नाव राहावं म्हणून तुझा इच्चायन किती राबतोय बघ."

"बघितलं ना. भिंतभर बघितलं."

"आता जुनं कशाला उकरायचं? तेव्हा तुम्ही दोघं लहान होतात."

"तो एकोणतीस वर्षांचा होता, चेची. मी बावीस. लहान म्हणाल तर आमचं मांजर तेवढं होतं."

मग ती उठली. मी केक ठेवून घेतला, साडी परत दिली.

ती गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की मी तर काहीच उकरलं नव्हतं! फोटो कुठून आणलास, एवढंच विचारलं होतं. तेवढ्यावर तू बायकोला साडी देऊन पाठवतोस, म्हणजे ठसठस तुलाही आहे. फार बरं वाटलं मला. एकोणीस वर्षं मी समजत होते की ठसठस फक्त मलाच आहे.

तू फोटो कापतोस, इच्चाया. म्हणून मी अख्खं लिहून काढते. आवडलं नाही तर मॅनेजरला वाचायला दे.

९ जून २००४, बुधवार. जेट्टीजवळचं अम्मच्चीचं हॉटेल, सहा बाक. सकाळी सातला बोटवाल्यांची न्याहारी: रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताची पेज, छोटे कांदे, हिरवी मिरची आणि आदल्या दिवशीचं तारलीचं कालवण. कालवण ती दुपारी चारला करायची, ताजं मात्र कुणाला द्यायची नाही. "अजून त्याला स्वतःची चव सापडलेली नाही," म्हणायची. पुळी भरपूर, खोबरेल तेल भरपूर. त्यात कधी पळी घालायची नाही, मडक्याचे काठ फडक्याने धरून नुसतं हिसडायची. झोपण्याआधी पुन्हा एक उकळी, आणि मग शिंक्यावर. सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावला तर हात तोडीन म्हणायची.

तू रजेवर आला होतास. तीनदा वाढून घेतलंस आणि मडकं बोटाने पुसलंस. मी दोनदा घेतलं.

नऊला नगरपालिकेची जीप आली. गावात तापाची साथ होती, पेपरवाले ओरडत होते, साहेबांना काहीतरी करून दाखवायचं होतं. आधी ते बाजारातल्या दोन मोठ्या लॉजमध्ये गेले. तिथे आतून कुणाला तरी फोन गेला आणि ते रिकाम्या हाताने बाहेर आले. मग आमच्याकडे.

"हे कधीचं?" हेल्थ इन्स्पेक्टरने मडक्याकडे बोट दाखवून विचारलं.

"कालचं," अम्मच्ची म्हणाली. आणि कशी म्हणाली आठवतं? छाती पुढे काढून. "कालचंच असतं ते, साहेब. आजचं माझ्याकडे मिळायचं नाही."

त्याने वहीत लिहून घेतलं. सगळ्या गावात खरं बोलणारी ती एकटी, म्हणून सापडली ती एकटी.

दहाला नगरपालिकेसमोर शाळेतला जुना बाक मांडला आणि त्यावर आमची चार मडकी ठेवली. प्रत्येकावर चिठ्ठी: 'शिळे अन्न. एलियाम्माचे हॉटेल, जेट्टी.' गर्दी जमली. पेपरचा फोटोग्राफर आला. अम्मच्ची ओल्या हातांनी तशीच चालत आली, तिच्यामागून आपण दोघं. ती बाकापाशी गेली, हात पुढे करून म्हणाली, "ताट आणा. कुणीतरी ताट आणा. मी खाऊन दाखवते सगळ्यांसमोर. माझ्या पोरांनी सकाळीच खाल्लंय. हे काय उभे आहेत, विचारा त्यांना."

तो तुझा फोटो. 'बसा, वाढते' नव्हे. 'ताट आणा.'

तिच्या कोपराजवळ इन्स्पेक्टरची खाकी बाही होती. तुझ्या माणसाने ती रंगवून केळीचं पान केलीय. ऑगस्टमध्ये जेवताना ते पान मी पाहिलं आणि ओळखलं. मागच्या पत्रात आठवत नाही असं लिहिलं, ते खोटं होतं.

इन्स्पेक्टर आपल्याकडे वळला. "खाल्लंत का?"

तुझ्या शेजारी लिस्सीचेचीचे वडील, अप्पच्चन, उभे होते, पांढरंशुभ्र मुंडू नेसून, हातात छत्री. महिन्याभरात तिच्याशी तुझा साखरपुडा व्हायचा होता. तू माझ्या कोपराला चिमटा काढलास आणि म्हणालास, "नाही सर. आमच्या घरात शिळं कुणी खात नाही."

आणि आता जे मी पाद्रीलासुद्धा कधी सांगितलं नाही ते. एवढ्या वर्षांच्या कबुल्यांत दुधात पाणी घातल्याचं सांगितलं, सासूबद्दल वाईट बोलल्याचं सांगितलं, हे सांगितलं नाही. इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. त्याच रविवारी जोयिकुट्टीच्या घरचे मला बघायला येणार होते. मी म्हटलं, "मीही नाही."

अम्मच्चीने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढे केलेला हात तिने हळूच खाली घेतला. गर्दीतल्या निम्म्या लोकांनी त्या सकाळी तेच कालवण खाल्लं होतं, उरलेल्या निम्म्यांनी आपापल्या घरी आपापलं कालचं खाल्लं होतं. कुणी तोंड उघडलं नाही. मग शिपायाने फिनेलची बाटली आणली आणि चारही मडक्यांत ओतली. कालवण पांढरं झालं. पंचनाम्यावर आपल्या दोघांच्या सह्या घेतल्या. हॉटेल पुन्हा उघडलंच नाही.

ती आपल्याला कधी एका शब्दाने बोलली का? नाही. फक्त एक गोष्ट तिने सोडली. आपल्याकडे माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी विचारतात, "खाल्लंस का?" पुढची दोन वर्षं ती जगली. शेजाऱ्यांना विचारायची, पोस्टमनला विचारायची, आपल्या दोघांना कधी विचारलं नाही. ताट वाढून पुढे ठेवायची आणि निघून जायची. तू फोनवर "खाल्लंस का, सारे?" असं सहज विचारतोस ना, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

डिसेंबरात नवी पुळी भरायला तिची जुनी बरणी रिकामी केली. तळाशी, काळ्या पडलेल्या पुळीखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पंचनाम्याची प्रत आणि पेपरचं कात्रण. दोन्हीला अजून धुराचा वास येतो. फोटो अख्खा आहे: बाक, मडकी, चिठ्ठ्या, बाटली, आणि गर्दीत पहिल्या रांगेत तू आणि मी. तिने का ठेवलं असेल ते मी पुष्कळ दिवस ठरवत होते. तुझं पत्र आलं आणि ठरलं.

तर माझी अट. नव्या शाखेत अख्खा फोटो लावायचा. खाली तुझ्या मेनूकार्डापेक्षा मोठ्या अक्षरात लिहायचं: '९ जून २००४ रोजी या कालवणावर फिनेल ओतलं. एलियाम्माच्या मुलाने आणि मुलीने ते त्याच सकाळी खाल्लं होतं. विचारल्यावर दोघांनी नाही म्हणून सांगितलं.' खाली दोघांची नावं, वयाने मोठा आहेस म्हणून तुझं आधी. हे कर, मी सही करते, कृती देते, महिनाभर राहून तुझ्या आचाऱ्यांना मडकं हिसडायला शिकवते.

नाही केलंस तर मला बोलावू नकोस. बोलावलंस तर मी येईन. मग काय बोलायचं ते माझं मी ठरवीन.

तुझी,
सारम्मा

ता. क. केक कालचा होता. चांगला लागला.

*

कारीक्कडव,
१५ फेब्रुवारी २०२३

प्रिय इच्चाया,

तू दोन तारखेला स्वयंपाकघरातून तडक निघून गेलास, तेव्हापासून फोन उचलत नाहीस. पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तुझी नोकर माणसं तुला घाबरतात. म्हणून मी सांगते.

तुझा निरोप आला होता, "बोर्ड जमणार नाही, दोन तारखेला दहाला ये, गाडी पाठवतो." गाडी मी रिकामी परत पाठवली. आदल्या दिवशी चारला कालवण केलं, रात्री उकळी दिली, पहाटे मडकं फडक्यात बांधून मांडीवर घेतलं आणि बोटीने, मग बसने आले. बसमध्ये शेजारच्या म्हातारीने दोनदा वास घेतला आणि विचारलं, "तारली का?" मला वाटलं, दिवस चांगला जाणार.

मला मडक्यासह पाहिल्यावर तुझा चेहरा खुलला. तुला वाटलं, बहीण विरघळली. सगळ्यांसमोर जवळ घेतलंस. खरं सांगू, त्या क्षणाला मी जरा डगमगले. तुझ्या शर्टाला अजून तसाच इस्त्रीचा वास येतो. पण वर पाहिलं तर खांद्यापलीकडून अम्मच्ची केळीचं पान घेऊन उभी होती.

यापुढचं तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते, कारण तुला तू कापलेलंच आठवेल.

नव्या शाखेचं स्वयंपाकघर, भिंतीवर तोच फोटो, खाली स्टीलचं लांब टेबल. आठ आचारी डोक्याला टोप्या लावून रांगेत. खुर्चीवर लिस्सीचेचीचे अप्पच्चन, आता काठी आहे पण मुंडू तसंच पांढरंशुभ्र. श्रीकला मॅडमनी आधी फ्रीजची तपमानं पाहिली, आचाऱ्यांची आरोग्यकार्डं पाहिली, नाल्यांवरच्या जाळ्या पाहिल्या. सगळ्यात तू पास. मग त्यांनी विचारलं, "हे कालवण तुमच्या घरी खरंच दुसऱ्या दिवशी खायचे?"

"मॅडम, आम्ही त्याच्यावरच वाढलो," तू म्हणालास. "शाळेत जाण्याआधी रोज सकाळी हेच. अम्मच्चीच्या हातचं. अजून जिभेवर आहे."

किती छान बोललास! हेच, असंच, त्या दिवशी बाकासमोर बोलला असतास तर?

मी पिशवीतून पंचनामा काढला आणि टेबलावर ठेवला. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. "'आम्ही सदर महिलेची मुले असून सदर अन्न आम्ही खाल्लेले नाही, तसेच आमच्या घरी शिळे अन्न कोणी खात नाही.' सह्या, कुर्याच्चन आणि सारम्मा." मग त्यांनी चष्मा वर केला. "सर, यातलं खरं कुठलं? तेव्हाचं की आत्ताचं?"

मला वाटलं होतं, मी जिंकले की ओरडावंसं वाटेल. तसं झालं नाही. मी फक्त तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. एक शब्द बोलायचा होता तुला, इच्चाया. 'आत्ताचं.' बोलला असतास तर बोर्ड, अट, सगळं मी तिथल्या तिथे सोडून दिलं असतं. शपथेवर सांगते, मडकंही तुझं, कृतीही तुझी.

तू अप्पच्चनकडे पाहिलंस. त्यांनी काठी नुसती एकदा फरशीवर टेकवली. आणि तू म्हणालास, "कागदावर आहे तेच बरोबर. मी स्वतः कधी खाल्लं नाही, मॅडम. मला ताजंच आवडतं."

स्वतःच्या आईच्या भल्यामोठ्या फोटोखाली उभा राहून! मला काहीच करावं लागलं नाही. मी सूड घ्यायला एवढ्या लांब आले, आणि तो तू स्वतःच्या हाताने वाढून दिलास.

मग तुझा फोन वाजला की तू वाजवलास, देव जाणे. तू बाहेर गेलास. आता तुला माहीत नसलेलं.

मॅडम लिहायला लागल्या. घरच्यांनीच नाकारलं, तेव्हा तो पदार्थ तिन्ही मेनूंवरून काढायचा, फोटोसकट. मी म्हटलं, "मॅडम, माझंही लिहा. ही खालची सही माझी आहे, आणि ती खोटी आहे. मी त्या सकाळी सातला खाल्लं होतं. दोनदा वाढून घेऊन."

"चेची, एकोणीस वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या. "आता ते कोण विचारतंय?"

"कुणी विचारत नाही म्हणूनच लिहा."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. इतकी मोठी केली की 'सारम्मा'ची शेपटी कागदाबाहेर गेली. अप्पच्चन म्हणाले, "मुली, घरातली गोष्ट घरात ठेवायची असते." मी त्यांना म्हटलं, "घरात ठेवली होती, अप्पच्चन. बरणीत. तळाला."

मॅडमनी मडक्यातून नमुना काढून बाटलीत भरला, सील केला. मडक्यात अजून बरंच होतं. त्या मागे सरल्या आणि मी जे मागायला एवढी वर्षं थांबले होते ते मागितलं. "ताट आणा."

मग तुझा मुख्य आचारी, तो टक्कल असलेला पाप्पन, टोपी काढून गेला आणि ताट घेऊन आला. मी उभ्यानेच खाल्लं. मग पाप्पनने खाल्लं. मग बाकीच्या सातांनी. शेवटच्याने मडकं बोटाने पुसलं. पाप्पन मला म्हणाला, "चेची, तीन वर्षं मी या नावाने व्हिनेगर वाढतोय. माफ करा." तुझ्या स्वयंपाकघरातून पहिली माफी आली ती अशी, पगारी माणसाकडून.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेचा निकाल आला. नमुन्यात दोष नाही. माझ्या दोन बाकांच्या नोंदणीचा फॉर्म श्रीकला मॅडमनी इथल्या कार्यालयात स्वतः बोलून पुढे सरकवला होता, त्या नोंदणीचा कागदही आला. हॉटेलचं नाव लिहिलंय 'एलियाम्माचे हॉटेल, जेट्टी', चिठ्ठीवर होतं अगदी तेच. कागद काचेत घालून लावला. शेजारी अख्खा फोटो लावला. चौकट तुझीच आहे. तू ती उतरवून मागच्या दारी टाकलीस, पाप्पनने बसमधून पाठवली. खाली मी तुला सांगितली होती तीच ओळ आहे, फक्त त्यात एकच नाव आहे. तुझ्या नावाची जागा रिकामी सोडलीय.

आता सकाळी सातलाही बाक मांडते, पेज आणि कालचं कालवण. लोक जेवायला येतात, फोटो बघतात, वाचतात. काल जुना बोटवाला औसेप्प आला, फोटोवर बोट टेकवून म्हणाला, "सारे, या तिसऱ्या रांगेत मी आहे. मीही त्या सकाळी खाल्लं होतं." मग बसून रडत रडत जेवला. जोयिकुट्टीला मी आधी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्याशी लग्न व्हावं म्हणून खोटं बोललीस? एवढा काय मी देखणा होतो?" आणि जेट्टीवर निघून गेला. दोन दिवस बोलला नाही. आता बोलतो.

मला आनंद झालाय का? झालाय. खोटं कशाला सांगू. तुझ्या मेनूवर त्या जागी आता 'ताज्या माशाची करी' छापलीय असं पाप्पनने सांगितलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले. पण रात्री मडक्याला उकळी देताना हात एक ताट जास्तीचं काढतो, त्याला मी काय करू?

येत्या रविवारी ईस्टरच्या उपासाआधीचे शेवटचे मासे. त्यानंतर पन्नास दिवस मडकं पालथं. ये. सकाळी सातला ये, बोटवाल्यांच्या रांगेत उभा राहा. बाकावर बसण्याआधी फोटोखाली, सगळ्यांसमोर, मी तुला विचारीन, "खाल्लं होतंस का?" मोठ्याने सांग, म्हणजे वाढते. तीनदा मागितलंस तर तीनदा. आणि नाहीच सांगता आलं, तरी उपाशी पाठवणार नाही. तुझ्यासाठी ताजा मासा तळून देईन. तुला ताजंच आवडतं ना.

९ जूनला सकाळी सात वाजता दोनदा वाढून घेऊन खाल्लेली,
तुझी बहीण,
सारम्मा